तेच पाप पुन्हा पुन्हा: त्यातून सुटण्यासाठी आणि पवित्रतेत वाढण्यासाठी

मे संपत आला की हर्णे, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर होड्या वर ओढायची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करायची, होडीची डागडुजी करायची, बाकी वेळ मोकळा. बाहेर पाऊस, हातात हंगामाचे उरलेसुरले पैसे, सोबतीला तेच चार खलाशी. वर्षभर दारूपासून लांब राहिलेला माणूस या दिवसांत पुन्हा बसतो.

आंबा बागायतदाराची परीक्षा त्याआधीच, एप्रिल-मे मध्ये होते. भाव चढलेला असतो, माल कमी पडतो, आणि बाहेरून आणलेला आंबा पेटीत भरून वर ‘देवगड हापूस’ छापायचा मोह समोर उभा राहतो. नाताळात किंवा मे महिन्यात मुंबईची माणसं घरी आली की सातबाऱ्यावरच्या नावांचा विषय निघतो, आणि वर्षभर झाकून ठेवलेला राग दोन दिवसांत घर पेटवतो. एकट्या मुलाच्या हातातल्या मोबाईलला मात्र हंगाम लागत नाही. त्याची वेळ रोजचीच, रात्री अकरानंतरची.

सवयीच्या पापाला वेळ असते, जागा असते, सोबत असते. आपण मात्र रविवारी उपासनेत ‘प्रभू, मला पवित्र कर’ एवढंच म्हणतो आणि सोमवारी त्याच वेळी, त्याच जागी, त्याच सोबतीत जाऊन उभे राहतो. प्रार्थना खरी असते, पण ती त्या जागेपर्यंत पोचवलेली नसते. या लेखातली प्रत्येक पायरी तेवढ्यासाठीच आहे: तुमचं पाप जिथे आणि जेव्हा घडतं, तिथे आणि तेव्हा देवाची कृपा घेऊन कसं जायचं.

आधी पाया: कृपा पहिली, लढाई नंतर

ही पायरी गाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं चार आठवड्यांत थकवा आणेल.

कोकणात गाऱ्हाणं घालायची जुनी रीत आहे. अडचण सांगायची, मागणं मागायचं, आणि काम झालं की काय देणार ते बोलायचं. आपण ख्रिस्ती झालो, काहींच्या घरात तर तीन-चार पिढ्या झाल्या, तरी ही मांडणी मनात मुरलेली असते. ‘प्रभू, मी दारू सोडतो, तू मुलाला नोकरी लाव.’ किंवा त्याच्या उलट: ‘आधी मी सुधारतो, मग तुझ्याकडे येतो.’ दोन्हीत सौदाच आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात क्रम अगदी वेगळा आहे. सातव्या अध्यायात तो सांगतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होतं. हा अनुभव विश्वासणाऱ्याचा की त्याआधीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लगेच पुढे, आठव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात येतं की जे ख्रिस्त येशूत आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. देहाची कर्मं आत्म्याच्या सामर्थ्याने ठार मारण्याची गोष्ट त्याच अध्यायात, पण तेराव्या वचनात आहे. स्वीकार आधी, लढाई मागून.

व्यवहारात याचा अर्थ असा की तुम्ही देवाचं मन वळवण्यासाठी लढत नाही. ते वधस्तंभावर आधीच तुमच्याकडे वळलेलं आहे. मात्र ‘कृपा आहेच, मग एवढं काय’ असं म्हणणाऱ्यालाही तेच पत्र सहाव्या अध्यायात थांबवतं: जो पापाला मेला तो त्यात पुढे कसा जगेल? इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तर पवित्रतेच्या मागे लागा, तिच्यावाचून कोणी प्रभूला पाहणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मागे लागणं हे चालत्या माणसाचं काम आहे. बसून राहणाऱ्याला ते जमत नाही.

याच ठिकाणी शपथेविषयी बोललं पाहिजे. आपल्याकडे व्यसनी माणसाला घरचे लोक मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, कुणी बायबलवर हात ठेवायला लावतं. कृपा करून हे करू नका, आणि कुणाकडून करून घेऊ नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने शपथच वाहू नका असं सांगितलं आहे. शिवाय शपथ मोडली की माणसाच्या डोक्यावर दोन ओझी येतात. पाप झालं हे एक, आणि आता मुलाचं काही वाईट होईल ही भीती दुसरं. ती भीती बुडवायला तो परत बाटलीकडेच जातो. शपथेऐवजी आजच्या दिवसापुरती एक विनंती पुरते: ‘प्रभू, आज संध्याकाळी सातपर्यंत मला सांभाळ.’ सातला पुन्हा तीच.

पहिली पायरी: एकच पाप घ्या आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा

सगळ्या पापांची यादी करू नका. जे पाप सध्या तुमच्या घराला, शरीराला किंवा प्रार्थनेला सर्वांत जास्त पोखरत आहे, ते एकच निवडा.

मग नाव. ‘थोडी घेतो’ म्हणजे दारूच्या आहारी गेलो आहे. ‘धंद्यात चालतंच’ म्हणजे गिऱ्हाईकाला फसवतो. ‘त्याचा विषयच नको’ म्हणजे भावाचा द्वेष करतो. ‘नुसतं बघतो’ म्हणजे अश्लील चित्रफिती बघतो. ‘काळजीपोटी सांगते’ म्हणजे चहाडी करते. नीतिसूत्रांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, तेराव्या वचनात, दोष झाकणाऱ्याचं बरं होत नाही, पण जो कबूल करून सोडून देतो त्याच्यावर दया होते, असं म्हटलं आहे. गोड नावाखाली जे झाकलेलं असतं त्याची कबुली देताच येत नाही.

आता एक लहान वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटं लिहा. मोबाईलमध्ये नको, वहीतच. पापाकडे ओढ वाटली त्या प्रत्येक वेळी काय वाजलं होतं, कुठे होता, सोबत कोण होतं, खिशात किती पैसे होते, त्याच्या तासभर आधी काय घडलं होतं, आणि शेवटी पडलात की सावरलात. एवढंच. स्वतःला शिव्या लिहू नका, उपदेशही लिहू नका. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसात दोनदा आत्मपरीक्षण करायची शिस्त घालून दिली, आणि कॅथलिक घरांत ती आजही काही जण पाळतात. प्रॉटेस्टंट घरांतल्या लोकांनीही ती उचलायला हरकत नाही.

दोन आठवड्यांनी वही वाचा. बहुतेकांच्या वहीत ‘तासभर आधी’ या ओळीतच गुपित निघतं. व्यापाऱ्याने घेतलेल्या मासळीचे पैसे पुन्हा पुढच्या आठवड्यावर ढकलले. बायकोने नाही, बायकोच्या भावाने टोमणा मारला. दिवसभर कुणाशीच बोलणं झालं नाही. याकोबाने पहिल्या अध्यायात (वचन १४ आणि १५) वासना ओढून नेते, मग गर्भवती होऊन पाप प्रसवते, असा क्रम मांडला आहे. वही त्या क्रमाची पहिली कडी दाखवते. पाप प्रसवल्यावर धावण्यापेक्षा ही कडी तुटायला सोपी असते.

दुसरी पायरी: देवापुढे कबुली

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत आहे. स्तोत्र ५१ सावकाश, मोठ्याने वाचा. मग आपलं पाप त्याच नावाने देवापुढे बोला, कारणं न देता. योहानाच्या पहिल्या पत्रात (अध्याय १, वचन ९) दिलेलं वचन धरा: आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील आणि शुद्ध करील. बोलून झालं की उठा. तीच गोष्ट त्याच रात्री पुन्हा पुन्हा उगाळत बसणं म्हणजे अधिक पश्चात्ताप, असं नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारचं दुःख सांगितलं आहे. एक पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. पेत्र रडला आणि परत आला. यहूदाही कळवळला, पण एकटाच निघून गेला.

तिसरी पायरी: एका माणसाला सांगणं

माझ्या मते बहुतेकांची लढाई इथेच अडते, म्हणून इथे थांबून बोलू.

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल, असं लिहिलं आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ साली इंग्लंडमधल्या आपल्या लहान गटांसाठी नियम लिहून काढले. आठवड्यातून एकदा भेटायचं, आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. मोठं प्रवचन नव्हतं, मोजके प्रश्न आणि मोजकी माणसं. त्या काळच्या खाण कामगारांना आणि मजुरांना याचा आधार मिळाला.

पण कोकणातल्या वाडीत हे करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: सांगायचं कुणाला? इथे एका घरात भांडण झालं की संध्याकाळपर्यंत पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला कळतं. त्यातही ख्रिस्ती घरं मोजकी, बरीचशी एकमेकांच्या नात्यातली. काही ठिकाणी पाळक महिन्यातून एक-दोनदाच येतात. ही अडचण खरी आहे, आणि ‘विश्वासाने सांगून टाका’ म्हटल्याने ती जात नाही.

म्हणून माणूस निवडताना हे बघा. तो तुमच्याच लिंगाचा असावा: पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला. नात्यातला शक्यतो नको, कारण उद्या जमिनीच्या वाटणीत तीच गोष्ट बाहेर निघू शकते. तो तुमच्याजवळ दुसऱ्याबद्दल काय बोलतो ते आठवा. जो दुसऱ्याचं तुमच्याकडे आणतो, तो तुमचं दुसऱ्याकडे नेईल. तो स्वतः कधीतरी पडून उठलेला असला तर उत्तम. आणि तो तुमच्याच वाडीत असायची गरज नाही. रत्नागिरीतला माणूस देवगडच्या माणसाला फोनवरून रोज सांभाळू शकतो. कॅथलिक वाचकांसाठी तर वाट आखून दिलेलीच आहे. पापनिवेदन ऐकणारे फादर गुप्ततेने बांधलेले असतात, आणि ती गुप्तता कुठल्याही कारणाने मोडण्याची त्यांना मुभा नाही. तरीही रोजच्या फोनसाठी एक मित्र शोधाच.

पहिल्यांदा सांगताना लांबण लावू नका. ‘माझं हे असं पाप आहे, इतक्या दिवसांपासून आहे, आठवड्यातून साधारण इतक्यांदा घडतं, आणि मला यातून सुटायचं आहे. तू मला दर रविवारी विचारशील का?’ तपशील गरजेपुरतेच. लैंगिक पापाबद्दल बोलताना तर वर्णन मुळीच नको, ते ऐकणाऱ्यालाही ओढून नेतं.

ऐकणाऱ्यानेही एक गोष्ट पाळावी. धक्का बसल्यासारखं तोंड करू नये, आणि ‘असू दे रे, सगळेच करतात’ असंही म्हणू नये. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी दोषात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि स्वतःलाही सांभाळा, असं दोन्ही सांगितलं आहे.

आणि ओढ लागली असतानाच फोन करायचा, पडल्यानंतर नव्हे. फोन असा असतो, लांबलचक नसतो:

‘दादा, आज जड जाता.’

‘खंय आसस?’

‘बंदरार.’

‘पैसे वयनीकडे दी, घराक जा, आणि पोचलंस की माका फोन कर.’

प्रार्थना घरी पोचल्यावर दोघांनी मिळून करायची. आधी पाय तिथून निघाले पाहिजेत. ओढीचा जोर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तेवढा वेळ कुणीतरी सोबत असलं तर पुष्कळ होतं.

चौथी पायरी: वाट तोडणं

पोटीफरच्या घरात योसेफ त्या बाईशी चर्चा करत थांबला नाही. अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला (उत्पत्ति ३९). रोमकरांस १३:१४ मध्ये देहवासना तृप्त करण्यासाठी तजवीज करू नका असं म्हटलं आहे. तजवीज कशाने होते? पैशाने, एकांताने, वाटेने, सोबतीने. तुमच्या वहीत ती सापडली आहे. आता ती एकेक करून मोडायची.

दारूसाठी: हिशेबाच्या दिवशी पैसे स्वतःच्या हातात घेऊ नका. मालकाला सांगून ते बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जाऊ द्या. बांद्याचा नाका ओलांडला की गोव्यात दारू स्वस्त मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा गोव्याला काम असेल तर एकटे किंवा त्याच मित्रांबरोबर जाऊ नका. घरातून बाटली ओतून टाका, ‘पाहुण्यांसाठी’ ठेवलेलीसुद्धा.

मोबाईलसाठी: रात्री साडेनऊनंतर फोन स्वयंपाकघरात, आईवडिलांच्या किंवा बायकोच्या नजरेसमोर चार्जिंगला. पहाटे उठायला साधं गजराचं घड्याळ विकत घ्या. फोन खोलीत न्यायला ‘गजरासाठी’ हे कारण फार जुनं आहे. रात्री मोठा डेटा शिल्लक असणं ही काहींसाठी अडचणच असते. त्यांनी छोटा पॅक घ्यावा. फोनचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत असावा. लाज वाटेल, पण ती आधी वाटून घेतलेली बरी.

चहाडीसाठी: नळावर, गिरणीत किंवा बाजारात विषय निघाला की एकच वाक्य ठरवून ठेवा: ‘तिलाच विचारूया ना.’ पुढे कुणी बोलत नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात उजवा डोळा उपटून टाका, उजवा हात तोडून टाका, असं प्रभू म्हणतो. शब्दशः अवयव तोडायला तो सांगत नाही. पण मार्ग बंद करताना नुकसान होईल, लोक हसतील, सोय जाईल, तरी करा, एवढी कठोरता त्यात नक्की आहे. नुकसान न होता तोडलेली वाट बहुतेक वेळा अर्धीच तोडलेली असते.

मध्येच एक महत्त्वाची गोष्ट: शरीर आणि सुरक्षितता

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने केवळ प्रार्थनेच्या जोरावर एका रात्रीत दारू बंद करू नये. हा अविश्वास नाही. शरीराला दारूची सवय झाली असेल तर ती अचानक थांबवल्यावर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हात थरथरणं, घाम, झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे जा, त्यांच्या देखरेखीखाली सोडा. व्यसनमुक्तीसाठी शासनाची १४४४६ ही मोफत हेल्पलाईन आहे, आणि मन खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ क्रमांक. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या बैठका महाराष्ट्रातही होतात. तिथे जाणाऱ्या माणसाकडे मंडळीने कमी विश्वासाचा म्हणून बघू नये. लूक हा पौलाचा सोबती वैद्यच होता.

आणि तुमच्या पापाने घरात मार पडत असेल, तर आधी मार खाणाऱ्याचं रक्षण. नवरा बदलेपर्यंत बाईने सोसत राहावं, असं पवित्र शास्त्र तिला सांगत नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मंडळीच्या फलकावर लावलेले असावेत. मारणाऱ्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो पत्नीच्या सुरक्षिततेसाठी वेगळं राहायलाही तयार होईल.

पाचवी पायरी: मोकळी झालेली जागा भरणं

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेलं आठवा. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-सुशोभित केलं, पण रिकामंच राहिलं. तो सात आणखी दुष्ट आत्मे घेऊन परतला, आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट झाली. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दारू बंद ठेवून ईस्टरच्या संध्याकाळी दुप्पट पिणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याने घर झाडलं होतं.

पौल इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चोरी करणाऱ्याला नुसतं चोरी करू नको म्हणून सोडत नाही. हाताने चांगलं काम कर, गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असावं, असं सांगतो. चोराचा हात देणारा हात झाला तर तो बदलला.

तर जूनच्या आधीच त्या ६१ दिवसांचं वेळापत्रक करा. जाळी विणायचं काम घरी एकट्याने न करता, विश्वासातल्या दोघांबरोबर चर्चच्या ओसरीवर करा. ज्या वेळी गुत्त्यावर बसायचा, त्या वेळी मुलांचा अभ्यास घ्या, किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घराचं छप्पर शाकारून द्या. कोकणातल्या पावसात असं एक तरी घर प्रत्येक वाडीत असतंच. संध्याकाळी सातला घरी कुटुंबाबरोबर प्रार्थना, दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. लांबलेली प्रार्थना आठवड्यात बंद पडते, छोटी टिकते.

वचन पाठ करा, पण वीस नाहीत, एकच. तुमच्या पापाच्या तोंडावर बसणारं. रागासाठी याकोब १:१९ आणि २०, डोळ्यांसाठी ईयोब ३१:१, काळजीपोटी पिणाऱ्यासाठी पहिले पेत्र ५:७, सगळ्यांसाठी करिंथकरांस पहिले पत्र १०:१३. होडीवर जाताना, बागेत पेट्या भरताना, एसटीत बसल्यावर ते तोंडात घोळवत राहा. आणि मंडळीची उपासना चुकवू नका. पडलेला माणूस लाजेने प्रथम मंडळी सोडतो, आणि तिथूनच त्याचा आधार तुटतो.

गलतीकरांस पत्रात प्रेम, आनंद, शांती यांना आत्म्याचं फळ म्हटलं आहे. ज्यांनी हापूसची कलमं लावली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पहिली काही वर्षं खत, पाणी आणि वाळवीपासून राखण, एवढंच हाती असतं, आणि तरी कुणी कलम उपटून मूळ धरलं का ते बघत नाही. पहिल्या महिन्यात स्वतःत मोठा बदल दिसला नाही म्हणून काम सोडू नका.

सहावी पायरी: भरपाई

ही पायरी मंडळ्यांत फार कमी शिकवली जाते, आणि तिच्यावाचून पुष्कळांचं मन मोकळं होत नाही.

जक्कय प्रभूच्या पाया पडून रडत बसला नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला (लूक १९). गणनाच्या पाचव्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा वाढवून देण्याचा नियम आहे. आज आकडा काय असावा यावर वाद घालण्यापेक्षा, देणं सुरू करणं महत्त्वाचं.

बागायतदारासाठी हे असं होतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला आंबा त्या नावाने विकायचा. बाहेरचा आंबा त्या पेटीत भरणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं, आणि शेजारच्या प्रामाणिक बागायतदाराच्या पोटावर पाय देणंही. या हंगामापासून बाहेरचा आंबा विकायचाच असेल तर त्याच्या खऱ्या नावाने विका. ज्या कायमच्या गिऱ्हाईकांना मागच्या वर्षी फसवलं त्यांना फोन करून सांगा, आणि पेटीच्या भावातला फरक परत करा. ज्यांचा पत्ताच नाही, त्यांच्या वाट्याची रक्कम गरजवंताला द्या. धंदा बुडेल अशी भीती वाटते. काहींचं गिऱ्हाईक तुटतंही. ते सोसायची तयारी ठेवा.

भाऊबंदकीच्या वादात भरपाई म्हणजे नेहमी जमीन सोडून देणं नव्हे. ज्याचा हक्क आहे त्याने तो न्यायाने मागावा. पण तलाठी कार्यालयात भावाविरुद्ध लबाडीने लिहून दिलं असेल, तर ते दुरुस्त करून द्यायला स्वतः जा. वर्षानुवर्षं बोलणं बंद असेल, तर पुढच्या नाताळात पहिला तुम्ही त्याच्या पायरीवर जा. मत्तय ५:२३ आणि २४ मध्ये अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. तो बोलला नाही, तर ते त्याच्याकडे. रोमकरांस १२:१८ मध्ये पौल तुमच्याकडून होईल तितकं म्हणतो.

पडलात तर पहिले चोवीस तास

पडाल, असं गृहीत धरून आधीच ठरवून ठेवा. नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान सात वेळा पडला तरी उठतो, असं आहे. सुटकेच्या वाटेवर पडणं आणि पापात वस्ती करून राहणं यांत फरक आहे, आणि तो फरक पुढच्या चोवीस तासांत ठरतो.

‘आता झालंच आहे, तर आजचा दिवस पूर्णच’ हा विचार सर्वांत घातक आहे. एका पेल्यानंतर दहावा पेला टाळता येतो. तेव्हा तिथून निघा. त्याच रात्री मित्राला फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका, सकाळी लाज दुप्पट झालेली असते. देवाजवळ त्या पापाचं नाव घेऊन बोला आणि झोपा. दुसऱ्या दिवशी वही उघडा: या वेळी कोणती वाट उघडी राहिली होती? पैसे कुठून आले, कुणाचा फोन आला, मन कशाने खट्टू होतं? ती एक वाट बंद करा. सगळी व्यवस्था मोडून नवी करायला बसू नका. घरच्यांना कळलं असेल तर त्यांच्यासमोर एकदा सरळ कबूल करा, आणि त्यांचा विश्वास परत यायला महिने लागतील हे मान्य करा. तो मागून मिळत नाही.

मग शनिवारी रात्री प्रश्न पडतो: उद्या प्रभुभोजन आहे, जाऊ का? बरेच जण अशा वेळी मागच्या बाकावर बसतात, किंवा घरीच राहतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात (११:२८) प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं व त्या प्याल्यातून प्यावं, असं लिहिलं आहे. परीक्षा करून थांबावं असं तिथे नाही. पाप पदरी घेतलं असेल, आणि ते सोडायचं ठरवलं असेल, तर जा. कॅथलिक असाल आणि पाप गंभीर असेल, तर मिस्सेआधी फादरांना गाठून पापनिवेदन करा, बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी किंवा मिस्सेच्या आधी ती सोय असते. वेळ विचारून घ्या. पाप सोडायचंच नसेल, तर मात्र ते मेज खेळ समजून तिथे जाऊ नका. पाळकांशी आधी बोला.